लिकाने दुमडलेलं सूत

फार वर्षांपूर्वी, जेव्हा सुंबा बेटावरचे घोडे माणसांना नावानिशी ओळखत आणि माणसं खोटं बोलताना निदान खाली बघत, तेव्हाची ही गोष्ट. ऐकताना भीती वाटली तर शेजारच्याचा हात धरावा. शेजारी कुणी नसताना हाताला हात लागला, तर मात्र वळून बघू नये.

इंडोनेशियाच्या त्या अगणित बेटांमधलं सुंबा हे एक. पिवळ्या गवताचं, वाऱ्याचं, घोड्यांचं. तिथे समुद्रापासून हाकेच्या अंतरावर प्राइहोंगा नावाचं गाव होतं. घरांची छपरं इतकी उंच आणि निमुळती, की पावसालासुद्धा खाली उतरायला वेळ लागे. छपराच्या टोकाशी वाडवडील राहत, त्यांना कोंदट जागा चालत नाही, म्हणून ती उंची. वाडवडिलांची हाडं मात्र गावाच्या मधोमध, मोठाल्या शिळांच्या थडग्यांत. सकाळी दार उघडलं की समोर आजोबांचं थडगं, आणि त्यावरच मका वाळत घातलेला. मेलेल्यांचा इतका शेजार असल्यावर माणूस त्यांना भीत नसेल, असं तुम्हाला वाटेल. उलट आहे. माणूस शेजाऱ्याला भितो तेवढा परक्याला कधी भीत नाही.

त्या गावात कापड म्हणजे नुसती अंग झाकायची वस्तू नव्हती. मूल जन्मलं की कापडात झेलायचं, लग्न ठरलं की कापड द्यायचं, माणूस मेला की गुडघे छातीशी घेऊन त्याला बसवायचं आणि कापडात गुंडाळायचं. कारण पलीकडच्या गावात वाडवडील तोंड बघत नाहीत, कापड बघतात. कापडावर त्याचं चित्र असलं तर म्हणतात, “ये, बस.” नसलं तर विचारतात, “कोण तू?” आणि हा प्रश्न एकदा विचारला गेला की त्याला उत्तर नसतं. असा माणूस ना इकडचा ना तिकडचा. ओल्या पावलांनी किनाऱ्यावर फिरत राहतो, असं म्हणतात.

आता हे चित्र कसं उमटतं ते आधी समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथेच झाला. चित्र विणताना काढत नाहीत. विणायच्या आधीच, नुसत्या सुतावर काढतात. पांढरं सूत चौकटीवर ताणायचं, जिथे चित्र हवं तिथे ताडाच्या पातीने घट्ट गाठी मारायच्या, आणि सगळं सूत रंगात बुडवायचं. गाठीखालचं पांढरं राहतं, बाकीचं रंगतं. गाठी सोडल्या की घोडा, कोंबडा, मगर, माणूस, जे बांधलं असेल ते समोर येतं. तोवर आत काय झालंय हे बांधणाऱ्या बाईलाही दिसत नाही.

यात एक युक्ती होती. सूत मधोमध दुमडायचं आणि दोन्ही पदरांवर मिळून एकच गाठ मारायची. उलगडलं की एकाच्या जागी दोन चित्रं, पाण्यातल्या प्रतिबिंबासारखी समोरासमोर. अर्धी मेहनत, दुप्पट घोडे. जिवंत माणसाच्या कापडाला हे चालतं. घोडा जास्त झाला म्हणून कुणी रडत नाही. मेलेल्याच्या कापडाला मात्र सूत दुमडायचं नाही. ते सरळ ताणायचं. माणूस एक मेला, तर चित्र एकच.

तर या गावात लिका नावाची बाई होती, आणि तिच्यासारख्या गाठी मारणारी त्या बेटावर दुसरी नव्हती. तिने बांधलेल्या कोंबड्याशी शेजाऱ्यांचा कोंबडा दिवसभर भांडला आणि संध्याकाळी हरला, असं म्हणतात. तिने बांधलेली मगर वाळत घातली की बायका घागरी घेऊन लांबच्या वाटेने पाण्याला जात. पण ही लिका मेलेल्याचं सूत कधी बांधत नसे. त्याला कारण होतं तिचा नवरा.

रेतांग त्याचं नाव. घोडे भरलेल्या होडीवर दुसऱ्या बेटांना जाणारा खलाशी. त्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती, दोन होडीच्या दोरात अडकून तुटलेली. डाव्या कानाला पाळी नव्हती, ती एका घोड्याने खाल्ली होती. “घोडा पुन्हा मागत होता,” असं रेतांग स्वतःच सांगायचा. एका सफरीहून त्याची होडी परतली नाही. तिच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या, माणसं लागली नाहीत. होडीवरच्या बाकी माणसांच्या बायकांनी ऊर बडवले, नवऱ्यांची चित्रं बांधली, कापडाचीच बोचकी करून शिळांखाली ठेवली. लिका तेवढी बसून राहिली.

“येईल,” ती म्हणाली. “लग्नालासुद्धा सकाळचा संध्याकाळी आला होता.”

मेलेल्याच्या सुतासमोर बसणाऱ्या बाईने आधी आपल्या घरच्या मेलेल्यांची नावं मोठ्याने घ्यायची, अशी तिथली रीत. ती नावं घेताना रेतांगपाशी थांबावं लागलं असतं. म्हणून लिका त्या सुतासमोर कधी बसलीच नाही. आणि त्यामुळे सूत सरळ ताणायची सवय तिच्या हाताला कधी लागली नाही. वर्षं गेली, तिची मुलगी वुला लग्नाची झाली, केसांत कासवाच्या पाठीची फणी खोवायला लागली. लिका घोडे आणि कोंबडे बांधत राहिली. एकाचे दोन, एकाचे दोन.

अशात गावचा मारांबा मेला. मारांबा म्हणजे गावाचा धनी. हा मोठा तापट, आणि त्याला एकटं राहणं म्हणून माहीत नव्हतं. जेवताना भोवती माणसं, झोपताना दाराशी माणसं. विहिरीत वाकून बघायचं तरी बाजूला कुणीतरी लागायचं. तो मेला तसा त्याला मोठ्या घरात बसवला, गुडघे छातीशी, तोंड दाराकडे. त्याची बहीण, जिला सगळे रांबू म्हणत, ती स्वतः लिकाच्या ओसरीवर आली. रांबू म्हणजे बाईसाहेब. तिच्यासमोर गावातली कुत्रीही शेपूट आवरून बसत.

“माझ्या भावाचं सूत तू बांधायचं,” रांबू म्हणाली.

“रांबू, मी मेलेल्याचं सूत कधी बांधलेलं नाही.”

“मेलाय कोण? बसलाय तो आत. कापडाची वाट बघतोय. त्याला वाट बघायची सवय नाही आणि एकटं बसायचीही नाही. लवकर कर.”

“पण नावं घ्यावी लागतात…”

“तुझी नावं तुझ्यापाशी ठेव. माझ्या भावाचं घे आणि बस.”

लिका बसली. ओसरीसमोर अंगण, अंगणापलीकडे थडगी, थडग्यांपलीकडे मोठं घर, आणि त्याचं दार सताड उघडं. आत अंधारात मारांबा बसलेला. भर दुपार, झाडाचं पान हलत नव्हतं, आणि लिकाला वाटत होतं की तो आपले हात बघतोय. तिने एकदा मान वर केली तेव्हा तो होता त्याहून जरा पुढे सरकून बसलेला दिसला. दुसऱ्यांदा तिने मान वर केली नाही. घाबरलेल्या माणसाचे हात डोक्याला विचारत नाहीत. हातांनी सूत घेतलं, मधोमध दुमडलं, आणि गाठी मारायला लागले.

गावाबाहेर आपू तोका राहायची. आपू म्हणजे आजी, पण ती सगळ्या गावाची आजी होती. तिच्या खोपट्यात निळीची मडकी होती, आणि तिथे पुरुषाची सावली पडली तरी नीळ मरते म्हणून पुरुष तिकडून जातच नसत. लिकाने बांधलेलं बोचकं तिला दिलं. आपू तोकाचे डोळे अधू झालेले. तिने ते चाचपलं, “जाड लागतंय गं,” एवढं म्हणाली आणि मडक्यात सोडलं.

रंगलेलं सूत वाळल्यावर लिकाने ओसरीवर गाठी सोडल्या. शेजारी वुला बसली होती, सुटलेल्या पाती गोळा करत. सूत उलगडलं, आणि वुला हसली. आईला ती इना म्हणायची.

“इना, मारांबा दोन कसे?”

लिकाने बघितलं. एक मारांबा, त्याच्या कमरेची तलवार, त्याचं फुगीर पोट, सगळं हुबेहूब. आणि त्याच्यासमोर डोक्याला डोकं लावून दुसरा. पण दुसऱ्याला ना तलवार होती, ना पोट, ना तोंड. नुसताच एक पांढरा माणूस. जसं कुणी यायचंय आणि जागा धरून ठेवलीय.

“गप्प,” लिका म्हणाली. “कुणाला सांगशील तर जीभ कापीन.”

तिने पहिल्या चित्राचं सूत विणलं, मागावरून कापलं आणि मोठ्या घरी पोचवलं. मारांबाला गुंडाळला, म्हशी कापल्या, शिळा सरकवली. सगळा गाव जेवून तृप्त झाला. एकटी रांबू थडग्याला कान लावून बसली होती.

“काय म्हणतो?” कुणीतरी विचारलं.

“नीट बसला नाही अजून,” रांबू म्हणाली. “बाजूला जागा ठेवून बसलाय.”

लिका ते ऐकून तडक उठली. घरी येऊन तिने उरलेलं सूत टोपलीत घातलं आणि टोपली आढ्याला उंच टांगली. पण टांगलेली टोपली माणसाला सारखी वर बघायला लावते. तिने ती काढली, उघडली. पांढऱ्या माणसाची उंची कमी झाली होती. आता तो वुलाएवढा होता.

पुढच्या वेळी उघडली तेव्हा चित्राच्या केसांत फणी होती.

इकडे वुलाचं वेगळंच काही सुरू झालं. आधी कोंबड्या. दाणे टिपता टिपता त्या तिच्या मांडीवरून चालत जाऊ लागल्या, जशी ती तिथे नाहीच. मग घरचा कुत्रा तिच्या अंगावर येऊन आदळू लागला आणि गोंधळून हवेवर भुंकू लागला. मग तिची सावली. भर उन्हात सगळ्यांच्या सावल्या काळ्या, हिची पातळ, ताकासारखी. तिची नखं निळी पडली. हात धरला तर मडक्यातून काढल्यासारखा गार.

“इना,” ती एकदा मका सोलता सोलता म्हणाली, अगदी साध्या आवाजात, “मारांबाला कंटाळा आलाय.”

“तुला कुणी सांगितलं?”

“तोच. म्हणतो, लवकर ये, इथे बोलायला कुणी नाही.”

आणि सगळ्यात वाईट ते माणसांचं. शेजारणी येत, लिकाशी बोलत, “एकटीच असतेस, कंटाळत नाहीस?” असं विचारत, आणि वुला तिथेच समोर बसलेली असे. विहिरीवर तिची घागर पोरी उचलून बाजूला ठेवत, कुणाची विसरली म्हणून. ती ओरडून सांगे, “माझी आहे!” तेव्हा त्या दचकून बघत आणि म्हणत, “अगं, तू इथेच होतीस होय?” नंतर नंतर दचकेनाशा झाल्या. आणि एका सकाळी लिकाने चुलीवरून भात उतरवला, एकच वाडगा घेतला, आणि जेवून उठली. दारात वुला उभी होती. ओठ निळे. रिकाम्या हातांकडे बघत होती.

लिका तशीच आपू तोकाकडे पळाली.

“दुमडलंस?” आपू तोकाने विचारलं.

“हो.”

“मेलेल्याचं सूत?”

“हात गेला, आपू.”

“हात गेला! आता पोर जाईल. तरी मला जाड लागलं होतं. मेले डोळे दगा देतात.”

“जाळून टाकते ते सूत.”

“जाळ. पोरीला आधी लांब नेऊन बसव, म्हणजे तिचा वास तुला येणार नाही.”

आपू तोका मडकं ढवळत म्हणाली, “गाठीतून सुटलेलं चित्र मालकाशिवाय राहत नाही, पोरी. मारांबाने आपलं नेलं. हे उरलेलं घर शोधतंय, आणि तो म्हातारा तिकडून हाका मारतोय. सूत उघडलं तेव्हा जवळ कोण होतं?”

“वुला.”

“मग झालं.”

“मला घे म्हणते त्याला. माझं चित्र होऊ दे.”

“ज्याने बांधलं त्याला ते घेत नाही. कुंभार आपल्या मडक्यात मावतो का? त्याला दुसरा मालक दे. मेलेला. पण कापड न मिळालेला.”

“असा या गावात कोण आहे? मागून खाणाऱ्या आंधळ्यालासुद्धा आपण कापड दिलं.”

आपू तोका नुसती ढवळत राहिली.

“तो मेलेला नाही,” लिका म्हणाली.

“मी कुठे कुणाचं नाव घेतलं?” आपू तोका म्हणाली.

लिका संतापून घरी आली. तिने बाकीचे उपाय करून बघितले. ओढ्यात बुडालेल्या आपू तोकाच्या शेळीचं नाव तिने सुतावर घेतलं. चित्र हललं नाही. शेळीला मात्र त्या दिवसापासून पलीकडे फार मान मिळतो, असं म्हणतात. तिने मेलेल्या घोड्यांची नावं घेतली, ऐकीव गावांतल्या ऐकीव माणसांची घेतली. चित्राच्या गळ्यात वुलाची माळ आली. मान वुलासारखी एका बाजूला कलली. रेतांगचं नाव तेवढं लिकाने घेतलं नाही. तो येणार होता. समुद्राकडचं दार तिने इतकी वर्षं कधी लावलं नव्हतं.

मग एके दुपारी जेवणाची वेळ झाली. लिका पोरीला हाक मारायला ओसरीवर आली, तोंड उघडलं, आणि तोंडात नाव नव्हतं.

पायरीवर एक मुलगी बसली होती. लिकाने तिच्याकडे बघितलं आणि तिच्या मनात आलं, कुणाची बरं ही पोर? उन्हात का बसलीय? आईने हिला जेवायला हाक मारली नाही का?

मुलीने मान वळवली. “इना,” ती म्हणाली. आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा.

लिका आत धावली, टोपली ओढून काढली. चित्र आता हसत होतं. ते हसू लिकाने जन्माला घातलेलं होतं. त्या हसण्यावरून तिला पोरीचं नाव आठवलं, आणि ते पुन्हा निसटायच्या आत तिने ताडाच्या पाती हातात घेतल्या.

रंगलेलं सूत पुन्हा पांढरं होत नाही. त्यात नवं काही घालता येत नाही, असलेलं मिटवता येतं, तेवढंच. पोरीच्या चित्रातून बाप काढायचा तर काय काय मिटवायचं? केसांतली फणी मिटवायची. गळ्यातली माळ मिटवायची. डाव्या हाताची दोन बोटं मिटवायची. कानाची पाळी मिटवायची. रेतांग असाच होता. त्याच्यात जे नव्हतं, त्यावरून तो ओळखू यायचा. लिकाने जे ठेवायचं ते बांधलं, जे मिटवायचं ते उघडं सोडलं. गाठीमागून गाठ. कोपर, गुडघा, खांदा. ज्या खांद्यावर डोकं ठेवून ती झोपली होती, तो खांदा. हात चुकत नव्हते. शेवटची गाठ छातीवर होती. ती मारताना नाव घ्यायचं असतं.

तिने समुद्राकडे पाठ केली आणि म्हणाली, “रेतांग.”

गाठ बसली. आपू तोकाच्या मडक्यात सूत बुडवताना लिकाने काठी वापरली नाही, कोपरापर्यंत हात घातले. निळीला फेस आला आणि मडकं आतून कुणी श्वास सोडावा तसं बोललं, असं म्हणतात. काय बोललं ते आपू तोकाने कधी सांगितलं नाही.

सूत वाळलं. लिकाने ते मागावर चढवलं. तिथला माग जमिनीवर बसून चालवायचा असतो. पट्टा कमरेमागे, पाय ओंडक्याला टेकवलेले, म्हणजे बाईच मागाचं अर्धं लाकूड असते. विणायला घेतलेलं सोडून उठता येत नाही. वुला तिच्या पाठीला पाठ लावून बसली होती. पाठ गार होती, पण होती. लिका विणत गेली. सूर्य डोक्यावर आला. सगळ्या गावाच्या सावल्या पायांखाली गेल्या, आणि समुद्र गप्प झाला.

गप्प म्हणजे अगदी गप्प. लाट येते, फुटते, परत जाते. ती गेली ती आलीच नाही. मग एका बाईने किंकाळी फोडली आणि पटापट दारं लागली. फटींतून लोकांनी जे बघितलं ते पुढे नातवंडांना सांगितलं. किनाऱ्याकडून ओली पावलं येत होती. माणूस नव्हता, पावलंच. एक पाऊल धुळीत ओलं उमटे, मग त्याच्यापुढे दुसरं. घाई नव्हती. थडग्यांमधून वळण घेत, मारांबाच्या शिळेपाशी क्षणभर थांबून, ती लिकाच्या ओसरीकडे आली. पायरीजवळच्या खांबावर एक ओला पंजा उमटला. डावा. तीन बोटांचा.

लिकाच्या मागाला पलीकडून ओढ लागली. पट्टा तिच्या कमरेत रुतला. सुताच्या पलीकडे कुणीतरी बसलं होतं. दिसत नव्हतं, पण खारट वास येत होता आणि सूत थेंब थेंब गळत होतं.

“मी निघालोच होतो गं,” आवाज आला. तोच आवाज. “थोडी थांबली असतीस.”

लिकाचा हात थांबला. निघालो होतो म्हणजे कुठून? समुद्राच्या तळातून, की दुसऱ्या कुठल्या किनाऱ्यावरून, हातापायाने धडधाकट, होडीत बसून? हे एकच तिला विचारायचं होतं. या एका उत्तरावर तिचं उरलेलं सगळं आयुष्य होतं.

“कुठून?” ती म्हणाली. “कुठून निघाला होतास?”

पलीकडे श्वास घेतल्याचा आवाज आला, बोलण्याआधी घेतात तसा. आणि त्याच वेळी लिकाच्या पाठीला लागलेली पाठ नाहीशी झाली. गारही लागेना. मागे कुणी नव्हतंच कधी, असं.

लिकाने सुरी उचलली आणि कापड मागावरून कापलं.

समुद्र एकदम फुटला. लाट गावाच्या वेशीपर्यंत आली. लिका मागे पडली ती कुणाच्या तरी मांडीवर, आणि ती मांडी ऊन होती.

“इना,” वुला रडत म्हणाली, “मला भूक लागलीय. किती दिवस तू मला जेवायलाच दिलं नाहीस.”

ते कापड मारांबाच्या शिळेखाली, त्याच्या शेजारी ठेवलं. रांबूने कान लावला आणि पहिल्यांदा ती हसली. “आता दोघं बोलतायत,” ती म्हणाली. “म्हणजे माझा भाऊ बोलतोय. दुसरा ऐकतोय.”

गोष्ट इथे संपली असती तर सगळ्यांनी सुखाने घरी जाऊन भात खाल्ला असता. पण पुढच्या मोसमात पश्चिमेकडच्या एका बेटावरून होडी आली, आणि तिच्यावरच्या एका म्हाताऱ्याने एक हकिगत सांगितली. त्यांच्या किनाऱ्यावर एक परका माणूस होता. होडी फुटून आलेला, डाव्या हाताला तीन बोटं. वर्षानुवर्षं एकट्याने लाकूड तासत होता. होडी तयार झाली, त्याने पाण्यात ढकलली, एक पाय आत टाकला, आणि भर दुपारी छातीवर हात ठेवून वाळूत बसला तो उठलाच नाही. नखं निळी पडली होती.

काही जण म्हणतात, असा म्हातारा आलाच नव्हता. जो आला त्याने सांगितलं की तीन बोटांची हाडं जुनी, शेवाळलेली, दगडांत सापडली, केव्हाची कुणास ठाऊक. दोन्ही गोष्टी त्या बेटावर सांगतात. सांगणारा आधी ऐकणाऱ्याचं तोंड बघतो आणि मग कुठली ते ठरवतो. लिकाने दोन्ही ऐकल्या.

त्यानंतर तिने गाठ मारली नाही. कोपरापर्यंत निळे झालेले तिचे हात शेवटपर्यंत निळेच राहिले. नवी होडी लागली की ती किनाऱ्यावर जाऊन उभी राहायची आणि खलाशांना विचारायची, “कधी? कोणत्या दिवशी?” खलाशी घाबरून दुसरीकडे बघायचे. वुलाचं लग्न झालं, तिला मुलं झाली, ती जाडजूड आणि भांडखोर झाली. गावात ती दिसली नाही असं कुणाला म्हणता येईना. तिच्याकडे बघून लिकाला कधी पश्चात्ताप झाला नाही, असं म्हणतात. झोपही कधी लागली नाही, असंही म्हणतात.

मग पुन्हा एकदा एक होडी परतली नाही. एका तरण्या बाईच्या घरी सूत ताणलं गेलं आणि तिच्या हातात पाती दिल्या. तेव्हा लिका काठी टेकत अंगणात आली. तिने त्या पोरीच्या हातातून पाती काढून घेतल्या.

“हिने नाही,” ती म्हणाली. “आपल्या माणसाची गाठ आपण मारायची नाही. आणि एकीनेही मारायची नाही.”

तिने सगळ्या बायकांना बोलावलं. रांबूला, चुलीपाशी बसलेल्या म्हाताऱ्यांना, न्हाणही न आलेल्या पोरींना. आपू तोका तेव्हा पूर्ण आंधळी झाली होती, तिलाही धरून आणलं. प्रत्येकीला एक पात दिली.

आजही प्राइहोंगात समुद्रावर गेलेला माणूस परत आला नाही, तर तसंच करतात. सूत सरळ ताणून गावच्या अंगणात उभं करतात. त्याच्या बायकोला घरात बसवतात आणि तिच्याजवळ लहान मुलं सोडतात, म्हणजे तिला बाहेरचं ऐकू येऊ नये. मग भर दुपारी सगळ्या बायका एकेक करून येतात, तोंड फिरवतात, चाचपत एक गाठ मारतात आणि मनात नाव घेतात. गाठी लागतात त्याहून जास्तच मारतात. त्यातल्या काही सुतावर पडतच नाहीत, नुसत्या हवेत आवळल्या जातात. कुणाची कुठे पडली हे कुणी बघत नाही. चित्र पुरं होतं, पण ते कुणाच्या गाठीने पुरं झालं हे कुणालाच कळत नाही. याला तिथे लिकाची बांधणी म्हणतात.

बांधून झालं की सगळ्या जणी किनाऱ्यावर जातात आणि हात धुतात. कुणी मोठ्याने बोलत नाही. फक्त पहिली बाई हात झटकते आणि शेजारचीला सांगते, “माझी नव्हती.” शेजारची पुढचीला सांगते, “माझीही नव्हती.” असं करत करत ते ओळीने शेवटच्या बाईपर्यंत जातं. तिच्यापुढे कोणी नसतं. ती समुद्राकडे बघून म्हणते, “माझी नव्हती,” आणि मागे वळून न बघता भरभर घराकडे चालायला लागते.